झाडतोड व बुडखा काढणी (वडीगोद्री परिसर)

झाडतोड व बुडखा काढणी म्हणजे उभे झाड सुरक्षितपणे पाडणे, त्याचे लाकूड उचलणे आणि जमिनीत राहिलेला बुडखा मुळांसह काढून जागा पुन्हा वापरायोग्य करणे. ही कामे सलग दिसत असली तरी ग्रामीण महाराष्ट्रात ती बहुधा दोन वेगळ्या व्यावसायिकांकडून करून घेतली जातात. झाड लाकडाचा व्यापारी किंवा त्याची टोळी तोडते, आणि बुडखा उत्खनन यंत्राचा, म्हणजे बोलीभाषेतल्या 'जेसीबी'चा, मालक काढतो. पहिल्या कामात जमीनमालकाला पैसे मिळू शकतात, दुसऱ्यात ते द्यावे लागतात. या विषयातील बहुतेक तंटे व नुकसान या विभागणीतून उद्भवतात.

या लेखात जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यातील वडीगोद्री व त्याभोवतीचा परिसर डोळ्यांपुढे ठेवून या व्यवसायाचे स्वरूप, त्याला लागू असलेले कायदे, कामाच्या पद्धती व जोखमी यांची माहिती दिली आहे.

## संज्ञा

झाडाचा जमिनीलगतचा जाड भाग म्हणजे *बुंधा*. झाड तोडल्यावर मुळांसह जमिनीत राहणाऱ्या भागाला *बुडखा* किंवा *खुंट* म्हणतात. तोडलेल्या खोडाच्या मोठ्या तुकड्याला *ओंडका* आणि कुऱ्हाडीने निघणाऱ्या लाकडाच्या पातळ तुकड्याला *ढलपी* म्हणतात. घरबांधणी, दारे-खिडक्या व शेतीच्या अवजारांसाठी चालणारे ते *इमारती लाकूड*, आणि चुलीसाठी किंवा भट्टीसाठी जाणारे ते *सरपण* किंवा *जळण*. बुडख्यातून पुन्हा फुटणाऱ्या कोंबांना *धुमारे* म्हणतात. मराठवाड्यात कडुनिंबाला सर्रास *लिंब* म्हटले जाते. त्यामुळे तोंडी व्यवहारात 'लिंबाचे झाड' म्हणजे कडुनिंब, हे बाहेरून आलेल्या व्यक्तीने लक्षात ठेवावे लागते.

## भौगोलिक पार्श्वभूमी

वडीगोद्री हे गाव सोलापूर–धुळे मार्गावर, म्हणजे आजच्या राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५२ वर (पूर्वीचा क्रमांक २११), शहागड व पाचोड यांच्या दरम्यान आहे. जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. अंबड तालुक्याच्या दक्षिण सीमेकडून गोदावरी वाहते, आणि पैठणच्या जायकवाडी प्रकल्पाचा २०८ किलोमीटर लांबीचा डावा कालवा या पट्ट्याला पाणी देतो. पाण्यामुळे उसाचे व फळबागांचे क्षेत्र वाढले. ऊस तोडणी यंत्र, ट्रॅक्टर व ट्रॉली यांची ये-जा सुरू झाल्यावर शेतातील व बांधावरील झाडे अडचणीची ठरू लागली.

येथील जमीन मुख्यतः काळी असून खाली मुरूम व बेसाल्टचा कातळ आढळतो. काळी माती ओली झाली की फुगते व चिकट होते, तर वाळल्यावर आकसून तिला खोल भेगा पडतात. झाडतोडीचा हंगाम, यंत्राची निवड आणि घराजवळच्या झाडाबाबतची सावधगिरी या गुणधर्मावर अवलंबून असते.

परिसरात कडुनिंब, बाभूळ, बोर, हिवर, चिंच, आंबा, उंबर, वड व पिंपळ ही झाडे पूर्वीपासून आहेत. सुबाभूळ, निलगिरी व वेडी बाभूळ नंतर आली. वेडी बाभूळ ओढ्याकाठी, गायरानात व पडीक जमिनीवर वेगाने पसरते आणि नुसती तोडली तर पुन्हा जोमाने फुटते.

## झाड काढण्याची कारणे

झाड वठलेले, पोकळ झालेले किंवा वादळात कललेले असणे, घर, गोठा, विहीर वा वीजवाहिनीला धोका असणे, घर किंवा शेततळ्यासाठी जागा लागणे, आणि जुनी फळबाग मोडून नवी लावणे ही नेहमीची कारणे आहेत. बांधावरच्या झाडाच्या सावलीत पीक कमी येते, हेही कारण सांगितले जाते.

प्रत्येक वेळी झाड पाडणे आवश्यक असतेच असे नाही. वाळलेल्या वा घरावर आलेल्या फांद्या उतरवणे, एकाच बाजूला वाढलेला पसारा कमी करणे किंवा वीजवाहिनीच्या दिशेच्या फांद्या छाटणे एवढ्याने अनेकदा काम भागते. मजुरी लाकडाच्या रूपात घेणाऱ्या व्यापाऱ्याचे हित मात्र झाड पूर्ण पाडण्यात असते. त्यामुळे झाड धोकादायक आहे की नाही, हा निर्णय लाकूड विकत घेणाऱ्याच्या सल्ल्यावर सोपवणे योग्य ठरत नाही.

## मालकी

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २५ नुसार खातेदाराच्या जमिनीतील झाडांवरचा हक्क सर्वसाधारणपणे त्या खातेदाराचा असतो. शासनाने राखून ठेवलेली झाडे व काही कायद्यांनी घातलेली बंधने त्याला अपवाद आहेत. व्यवहाराआधी सातबारा उतारा पाहणे आवश्यक असते, कारण खाते सामाईक असेल तर एका भावाने परस्पर विकलेले झाड दुसऱ्या भावाच्या तक्रारीचा विषय होते.

सर्वाधिक वाद बांधावरील झाडांवरून होतात. बुंधा कोणाच्या गट क्रमांकात आहे हे महत्त्वाचे असते. फांद्या कोणाच्या शेतावर आल्या आहेत यावरून मालकी ठरत नाही. हद्दच वादग्रस्त असेल तर भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी होईपर्यंत झाडाला हात न लावणे सोयीचे असते. उभे झाड हे स्वतःच हद्दीचा पुरावा असू शकते. ते बुडख्यासह निघाले की तो पुरावाही नाहीसा होतो.

महामार्गाच्या हद्दीतील झाडे लगतच्या शेतकऱ्याची नसतात, तर रस्त्याच्या यंत्रणेच्या ताब्यात असतात. कालव्याच्या भरावावरील झाडे जलसंपदा विभागाच्या, तर गायरानातील व गावठाणातील सार्वजनिक झाडे शासनाच्या किंवा ग्रामपंचायतीच्या अखत्यारीत येतात. अशी झाडे काढायची झाल्यास संबंधित यंत्रणेच्या आदेशाने तोड होते व लाकडाचा लिलाव केला जातो. 'रस्त्यावरचे झाड आहे, कोणाचेच नाही' या समजुतीने केलेली तोड कायद्याने गुन्हा ठरू शकते. पाचट किंवा काडीकचरा बुंध्याशी पेटवून झाड हळूहळू मारण्याचा प्रकारही याच सदरात मोडतो.

जमीन रस्ता वा प्रकल्पासाठी संपादित होणार असेल तर आणखी एक बाब लागू होते. २०१३ च्या भूसंपादन अधिनियमाच्या कलम २९ नुसार जमिनीवरील झाडांचेही मूल्यांकन केले जाते. संयुक्त मोजणी व पंचनामा होण्याआधी झाडे तोडल्यास त्यांच्या मोबदल्याचा आधार राहत नाही.

## परवानगी

### ग्रामीण क्षेत्र

ग्रामपंचायतीच्या हद्दीतील खासगी जमिनीवर *महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४* लागू होतो. त्याच्या अनुसूचीत हिरडा, साग, मोह, चिंच, आंबा, जांभूळ, खैर, चंदन, तिवस, अंजन, किंजळ, फणस, हळदू, बिबळा, ऐन व तिवर ही झाडे आहेत. यांपैकी कोणतेही झाड तोडण्यापूर्वी वृक्ष अधिकाऱ्याची लेखी परवानगी घ्यावी लागते. वडीगोद्री परिसरात चिंच, आंबा, जांभूळ, साग व चंदन यांचा प्रश्न वारंवार येतो. कडुनिंब, बाभूळ, सुबाभूळ व मोसंबी या अनुसूचीत नाहीत.

अर्जासोबत सातबारा उतारा, झाडाची जात व संख्या आणि तोडीचे कारण द्यावे लागते. त्यानंतर जागेची पाहणी होते. झाडाचा घेर छातीच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून सुमारे १.३७ मीटरवर मोजण्याची पद्धत आहे. परवानगी ज्या झाडांसाठी मिळाली त्यांच्यापुरतीच ती मर्यादित असते. एका झाडाच्या परवानगीवर शेजारची दोन झाडे तोडली गेली तर ती तोड विनापरवाना ठरते, मग टोळीने ती चुकून केलेली असो वा जाणूनबुजून.

मूळ अधिनियमात विनापरवाना तोडीसाठी एक हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद होती. ती रक्कम ५० हजार रुपये करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२४ मध्ये घेतला. या वाढीला विशेषतः कोकणातून विरोध झाला.

### नागरी क्षेत्र

नगरपरिषद व महानगरपालिका क्षेत्रांत *महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५* लागू होतो. त्यामुळे अंबड नगरपरिषद किंवा जालना महानगरपालिकेच्या हद्दीत घराच्या अंगणातील झाडासाठीही स्थानिक वृक्ष प्राधिकरणाकडे अर्ज करावा लागतो, आणि ग्रामीण अनुसूचीत नसलेला कडुनिंबही तेथे संरक्षित ठरतो. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या झाडांसाठी 'वारसा वृक्ष' ही संकल्पना आणली. तोडल्या जाणाऱ्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडे लावण्याचे तत्त्व त्याच दुरुस्तीने स्वीकारले.

### लाकडाची वाहतूक

तोडीची परवानगी व वाहतुकीची परवानगी या दोन स्वतंत्र बाबी आहेत. भारतीय वन अधिनियम, १९२७ आणि त्याखालील राज्याच्या नियमांनुसार अनेक जातींच्या लाकडाच्या वाहतुकीसाठी वनविभागाचा परवाना लागतो, तर काही जातींना सूट आहे. परवान्यासाठी डिसेंबर २०२३ पासून देशव्यापी ऑनलाइन व्यवस्था सुरू झाली आहे. २०१७ च्या दुरुस्तीने बांबूला 'झाड' या व्याख्येतून वगळण्यात आले. सूट असलेले लाकूड नेतानाही झाड कोणत्या गटातील आहे याचा सातबारा व विक्रीची पावती सोबत ठेवणे उपयोगी पडते.

## व्यावसायिकांचे प्रकार

खासगी झाडतोडीसाठी महाराष्ट्रात वकील वा डॉक्टर यांच्यासारखी नोंदणीकृत व्यवसायपद्धती नाही. लाकूड चिरणाऱ्या आरागिरणीला परवाना लागतो, परंतु झाड पाडणाऱ्याचे कौशल्य प्रमाणित करणारी सर्वमान्य व्यवस्था ग्रामीण भागात नाही. त्यामुळे निवड मुख्यतः ओळख व पूर्वीचे काम यांवरून होते. सर्वसाधारणपणे चार प्रकारचे लोक या व्यवसायात आढळतात.

* लाकडाचा व्यापारी किंवा वखारवाला – उभे झाड विकत घेतो, स्वतःची टोळी लावून तोडतो व माल वखारीत, आरागिरणीत किंवा वीटभट्टीवर पाठवतो.
* कुऱ्हाड-करवतीची टोळी – तीन ते सहा जणांचा गट, मजुरीवर किंवा उक्ते काम करणारा. मराठवाड्यातील अनेक मजूर ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून ऊसतोडीसाठी बाहेर जातात. त्यामुळे त्या काळात टोळी मिळणे कठीण होते.
* साखळी करवतवाला – पेट्रोलवर चालणारी साखळी करवत असणारा व फांद्यांवर चढून काम करू शकणारा कारागीर. घरे, तारा व रहदारी यांच्या दाटीतील झाडासाठी हाच सर्वांत महत्त्वाचा असतो.
* जेसीबी किंवा पोकलेनचा मालक – बुडखा उपटणे, खड्डा बुजवणे व जागा सपाट करणे ही कामे ताशी दराने करतो. झाड तोडण्याचे ज्ञान त्याच्याकडे असेलच असे नाही.

## मोबदला व मोजमाप

झाडाची किंमत जात, घेर, सरळपणा, पोकळी आणि वाहन बुंध्यापर्यंत पोहोचते की नाही यांवर ठरते. साग, आंबा, चिंच किंवा जाड कडुनिंब यांच्या खोडाला इमारती लाकूड म्हणून भाव मिळतो. वाकडी बाभूळ, बोर व फांद्या सरपणाच्या भावाने जातात. घराला खेटून असलेल्या झाडात तोडणीचा खर्च लाकडाच्या किमतीपेक्षा अधिक होऊ शकतो. अशा वेळी व्यापारी पैसे देत नाही, उलट मजुरी मागतो.

व्यवहाराच्या चार रीती आहेत: उभ्या झाडाचा एकरकमी सौदा, घनफुटावर विक्री, वजनावर विक्री आणि मजुरी देऊन लाकूड स्वतःकडे ठेवणे. एकरकमी सौद्यात अंदाज चुकण्याची जोखीम विक्रेत्याकडे अधिक असते, कारण व्यापारी रोज झाडे पाहतो आणि शेतकरी क्वचितच विकतो.

घनफुटाच्या व्यवहारात पारंपरिक चौथाई घेराची रीत वापरली जाते. ओंडक्याच्या मध्यावरील घेराला चारने भागून येणाऱ्या संख्येचा वर्ग करायचा व त्याला लांबीने गुणायचे. उदाहरणार्थ, ४ फूट घेराचा व १० फूट लांबीचा ओंडका या रीतीने १० घनफूट भरतो. तोच ओंडका पूर्ण गोल धरून भूमितीने मोजला तर सुमारे १२.७ घनफूट भरतो. म्हणजे या रीतीत सुमारे २१ टक्के लाकूड मोजले जात नाही. साल व चिरताना होणारी घट यांसाठी ही सवलत पूर्वापार गृहीत धरली आहे. व्यापाऱ्याने या रीतीने मोजून पुन्हा 'साल-घट' म्हणून वेगळी वजावट केली, तर एकाच कारणासाठी दोनदा वजावट होते.

वजनाच्या व्यवहारात लाकडाचा ओलावा निर्णायक असतो. ताज्या लाकडात पाण्याचा मोठा वाटा असल्याने ते वाळल्यावर वजन बरेच घटते. म्हणून वजन तोडणीनंतर किती दिवसांनी व कोणत्या काट्यावर होणार, हे आधी ठरवले जाते.

## तोडणीची पद्धत

काम सुरू करण्यापूर्वी झाडाचा कल, फांद्यांचा भार, वाऱ्याची दिशा, पोकळी व वाळवी पाहिली जाते. बुंध्यावर कुऱ्हाडीच्या पाठीने ठोकल्यास पोकळ भागाचा आवाज वेगळा येतो. मोठ्या झाडावर आग्यामोहोळ आहे का, हेही पाहिले जाते, कारण करवतीच्या आवाजाने व हादऱ्याने मधमाश्या उठल्यास उंचावरील माणसाला पळायला जागा नसते. पक्ष्यांची घरटी व अंडी असल्यास काम पुढे ढकलणे इष्ट ठरते. अनेक वन्य पक्ष्यांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ चे संरक्षण आहे.

मोकळ्या शेतात झाड एकसंध पाडता येते. त्यासाठी पडण्याच्या दिशेला बुंध्याच्या व्यासाच्या चौथा ते तिसरा हिस्सा खोल खाच घेतात. नंतर विरुद्ध बाजूने, खाचेच्या टोकापेक्षा किंचित वर, मागचा काप दिला जातो. दोन्ही काप एकमेकांना भिडू दिले जात नाहीत. मध्ये व्यासाच्या सुमारे दहाव्या हिश्श्याची लाकडाची पट्टी ठेवतात. ती बिजागरीसारखी वाकते व झाडाला ठरलेल्या दिशेने नेते. ही पट्टी पूर्ण कापली गेली की झाड कोणत्याही बाजूला जाऊ शकते. शेंड्याला बांधलेला दोर दिशा राखायला मदत करतो, परंतु चुकीचा काप तो सुधारू शकत नाही. तोडणाऱ्याची मागे तिरकस निघून जाण्याची वाट आधीच मोकळी केलेली असते, आणि इतर सर्वांनी झाडाच्या उंचीच्या किमान दुप्पट अंतरावर थांबायचे असते.

वस्तीत झाड वरून खाली, तुकड्या-तुकड्यांनी उतरवतात. प्रत्येक फांदी कापण्यापूर्वी दोराने बांधून दुसऱ्या फांदीवरून वा कप्पीवरून सावकाश खाली सोडली जाते. ताज्या लाकडाचे वजन दर घनमीटरला एक टनाच्या आसपास असू शकते. म्हणून लहान दिसणारा ओंडकाही पत्र्याचे छप्पर किंवा कौले फोडू शकतो.

वीजवाहिनी जवळ असल्यास महावितरणच्या स्थानिक कार्यालयाला कळवून वीजपुरवठा अधिकृतपणे बंद करून घ्यावा लागतो. ओली फांदी व ओला दोर यांतून वीज वाहू शकते. भारनियमनाची वेळ पाहून काम उरकण्याची प्रथा धोकादायक आहे, कारण पुरवठा केव्हाही सुरू होऊ शकतो.

## बुडखा काढणे

### तोडणीची उंची

बुडखा काढायचा की ठेवायचा, हा निर्णय पहिली कुऱ्हाड पडण्याआधी घ्यावा लागतो. लाकडाच्या व्यापाऱ्याला बुंध्याजवळचे सर्वांत जाड लाकूड हवे असते, म्हणून तो झाड जमिनीलगत कापतो. जेसीबीला मात्र तीन-चार फूट उंच खोड शिल्लक असेल तर त्याचा तरफेसारखा उपयोग होतो. एका बाजूच्या मुळ्या तोडून खोड वरून ढकलले की बुडखा मातीसह उलटतो. जमिनीलगत कापलेल्या बुडख्याला पकडच मिळत नाही. मग चौफेर खोल खोदावे लागते, यंत्राचे तास वाढतात आणि खड्डाही मोठा होतो. शेताच्या मोकळ्या जागेत लहान वा मध्यम झाड असल्यास ते जेसीबीने मुळासकट आडवे करून मग लाकूड कापणे हा सर्वांत कमी खर्चाचा मार्ग ठरू शकतो. त्यात जाड बुंध्याचे लाकूडही वाया जात नाही. दोन्ही व्यावसायिकांशी वेगवेगळे बोलणे झाल्यास ही गोष्ट सहसा कोणीच सांगत नाही, कारण एकाचा नफा ज्या कापात आहे त्याच कापात दुसऱ्याचे जास्तीचे तास आहेत. वाढीव खर्च मालकाकडे राहतो.

### पद्धती

हाताने खोदणे. पहार, टिकाव, फावडे व कुऱ्हाड यांनी भोवती चर खणून मुळ्या एकेक तोडतात आणि चेनकप्पी लावून बुडखा ओढतात. वेळ फार लागतो, पण घर, विहीर वा जलवाहिनीच्या जवळ ही पद्धत सर्वांत सुरक्षित असते.

यंत्राने उपटणे. शेतात हीच पद्धत सर्वाधिक वापरली जाते. दोन मीटर रुंद व एक मीटर खोल मूळगड्डा निघाला तर सुमारे तीन घनमीटरचा खड्डा पडतो. वरची काळी माती वेगळी ठेवून आधी खालचा मुरूम व शेवटी काळी माती भरली तरच ती जागा पुन्हा पिकाऊ राहते. उलटे झाल्यास शेताच्या मध्यभागी मुरमाचा पट्टा तयार होतो. भर थराथराने दाबली नाही तर पहिल्या पावसात तेथे खळगा पडतो.

बुडखा कुरतडणे. दातेरी फिरत्या चाकाचे यंत्र बुडखा जमिनीखाली काही इंचांपर्यंत भुसा करून टाकते. खोल मुळ्या जमिनीतच राहतात. फरसबंदी व बागा असलेल्या शहरी जागेत ही पद्धत सोयीची आहे, परंतु ग्रामीण भागात अशी यंत्रे क्वचित आढळतात.

कुजू देणे. बुडखा जमिनीखाली कापून त्यावर माती व शेणखत टाकले तर तो काही वर्षांत कुजतो. या काळात त्यात वाळवी वस्ती करू शकते, म्हणून घराजवळ ही पद्धत टाळतात. धुमारे फुटणाऱ्या जातींत ते वेळोवेळी खुडावे लागतात. ताज्या कापावर तणनाशक लावण्याची पद्धतही आहे. मात्र ग्लायफोसेटचा वापर कीड-नियंत्रण व्यावसायिकांमार्फतच करावा, असे बंधन केंद्र शासनाने ऑक्टोबर २०२२ मध्ये घातले.

जाळणे. बुडख्यावर काडीकचरा पेटवणे स्वस्त वाटते, पण आग वाळलेल्या मुळ्यांतून जमिनीखाली धुमसत राहू शकते व दुसऱ्या ठिकाणी वर येऊ शकते. लगत ऊस किंवा कडब्याची गंजी असल्यास ती पेटण्याची भीती असते.

### बुडखा न काढण्याची कारणे

ओढ्याच्या काठावरील, उताराच्या बांधावरील व विहिरीच्या कडेवरील मुळ्या माती धरून ठेवतात. त्या उपटल्यास पहिल्या मोठ्या पावसात काठ ढासळू शकतो. जुन्या विहिरीच्या दगडी बांधकामात शिरलेली वडा-पिंपळाची मुळे यंत्राने ओढल्यास दगडही सोबत येतात. अशा ठिकाणी मूळ जागेवरच कापून मारणे व सांधे भरणे हा मार्ग घेतला जातो.

काळ्या मातीत बांधलेल्या घरापुढे वेगळाच प्रश्न असतो. मोठे झाड पायालगतच्या मातीतील पाणी सतत शोषत असते. ते एकाएकी नाहीसे झाल्यास माती पुन्हा पाणी धरून फुगते, आणि भिंतींना तडे जाऊ शकतात. म्हणून जुन्या घराजवळच्या जुन्या झाडाबाबत स्थापत्य अभियंत्याचा सल्ला घेणे उचित ठरते.

## मोसंबीच्या बागा

जालना जिल्हा मोसंबीसाठी प्रसिद्ध असून 'जालना मोसंबी'ला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. जिल्ह्यात बदनापूर येथे मोसंबी संशोधन केंद्र आहे. २०१२-१३ च्या दुष्काळात जिल्ह्यातील मोसंबीच्या बागा मोठ्या प्रमाणावर वाळल्या. टँकरच्या पाण्यावर काही जगल्या, अनेक मुळासकट काढाव्या लागल्या. एरवी झाड काढणे हा एखाद्या झाडापुरता प्रश्न असतो. येथे तो पूर्ण शेताचा झाला. ६ × ६ मीटर अंतरावर लावलेल्या बागेत हेक्टरी सुमारे २७७ झाडे असतात. त्यांचे लाकूड बारीक असल्याने सरपणाच्या भावानेच जाते, आणि यंत्राचा खर्च त्यातून भागेलच असे नाही. उत्पन्न थांबलेले असतानाच हा खर्च अंगावर येतो.

मोसंबीची बहुतांश मुळे जमिनीच्या वरच्या थरात असतात, त्यामुळे झाड लवकर उपटते. मात्र मोसंबी बहुधा रंगपूर लिंबू किंवा जंबेरी या खुंटावर बांधलेली असते. (कलमबांधणीत 'खुंट' म्हणजे ज्यावर डोळा भरला जातो ते मूळचे रोप.) झाड केवळ कापले तर खालच्या खुंटाला काटेरी धुमारे फुटतात, आणि ते मोसंबीचे नसतात.

जुन्या मुळ्यांत डिंक्या रोगाची फायटोफ्थोरा ही बुरशी व सूत्रकृमी टिकून राहू शकतात. म्हणून त्याच जागी लगेच मोसंबी न लावता मुळ्या वेचून जाळणे, उन्हाळ्यात खोल नांगरून जमीन तापू देणे, एक-दोन हंगाम तृणधान्य घेणे आणि नवे खड्डे जुन्या ओळींच्या मधोमध घेणे असा क्रम पाळला जातो. बाग काढल्यानंतर पीकपाहणीतील नोंद बदलून घेणेही आवश्यक असते. ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत खातेदार ही नोंद स्वतः करू शकतो.

## हंगाम

काळ्या जमिनीत यंत्र नेण्यास रब्बीची काढणी झाल्यापासून मृग नक्षत्रापर्यंतचा काळ सोयीचा असतो. जमीन कोरडी असल्याने यंत्र रुतत नाही, शेत मोकळे असते, आणि ऊसतोडीला गेलेले मजूर परतलेले असतात. ओल्या काळ्या जमिनीत जड यंत्र फिरवल्यास माती दाबली जाते व त्या पट्ट्यात पुढील हंगामात पीक खुरटते. अति कोरड्या जमिनीत मात्र खोदाई कठीण जाते, त्यामुळे आदल्या आठवड्यात बुंध्याभोवती आळे करून पाणी सोडण्याची युक्ती काही ठिकाणी वापरतात.

## जबाबदारी व करार

काम कंत्राटावर दिले म्हणून मालकाची सर्व जबाबदारी संपत नाही. परवानगी त्याच्या नावाने असते आणि विनापरवाना तोडीची चौकशीही त्याच्यापासून सुरू होते. मजूर झाडावरून पडल्यास भरपाई कोणी द्यायची, हा प्रश्न तोंडी व्यवहारात अनुत्तरित राहतो. २०२३ पासून लागू असलेली गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना शेतकरी व त्याच्या कुटुंबीयांसाठी आहे. बाहेरून आलेल्या, स्वतःच्या कुटुंबात शेतजमीन नसलेल्या मजुराला तिचा आधार मिळत नाही. म्हणून टोळीप्रमुखाकडे मजुरांचा अपघात विमा आहे का, व यंत्राचा विमा आणि चालकाचा परवाना चालू आहे का, हे आधी विचारले जाते.

इसार देण्या-घेण्यापूर्वी साध्या कागदावर, दोन साक्षीदारांसमोर पुढील बाबी लिहिल्यास बहुतेक वाद टळतात:

* गट क्रमांक, झाडांची जात, संख्या व प्रत्येकाचा घेर. तोडायच्या झाडांवर रंगाची खूण.
* परवानगी कोण काढणार. ती हाती येण्यापूर्वी काम सुरू होणार नाही, ही अट.
* कोणत्या उंचीवर तोडायचे, आणि बुडखा कोणी, किती खोलीपर्यंत काढायचा.
* लाकूड, फांद्या, पालापाचोळा व बुडखा यांपैकी काय कोणाचे.
* मोजमापाची रीत, दर व उरलेली रक्कम देण्याची वेळ.
* भिंत, छप्पर, तार, ठिबक नळी, जलवाहिनी वा शेजाऱ्याचे पीक यांचे नुकसान झाल्यास भरपाई कोणी द्यायची.
* खड्डा बुजवणे व जागा साफ करणे.

जेसीबीच्या ताशी कामात वेळ केव्हापासून मोजायची, यंत्र आणण्या-नेण्याचा वेळ धरायचा की नाही, हेही आधी ठरवले जाते. अंतिम रक्कम खड्डा बुजेपर्यंत राखून ठेवण्याची पद्धत आहे. लाकूड ट्रॉलीत भरले गेले की टोळीला परत येण्याचे कारण उरत नाही, आणि फांद्यांचा ढीग व उघडा खड्डा मालकाकडे राहतो.

## लोकसमजुती

वड, पिंपळ व उंबर ही झाडे तोडण्यास अनेक मजूर तयार नसतात. वटपौर्णिमेला वडाची पूजा होते, उंबराशी दत्ताचा संबंध जोडला जातो, तर पिंपळावर मुंजा राहतो अशी समजूत आहे. तोड अटळ असेल तेव्हा नारळ फोडून व हळद-कुंकू वाहून झाडाची क्षमा मागण्याची रीत अनेक गावांत पाळली जाते. या समजुतींमुळे कायद्याच्या अनुसूचीत नसलेली अनेक मोठी झाडे टिकून राहिली. भिंतीत वा विहिरीत उगवलेले पिंपळाचे रोप उपटण्यास मात्र त्याच समजुतीमुळे उशीर होतो, आणि पुढे ते काढणे अवघड व खर्चिक होऊन बसते.

## हेही पाहा

* वडीगोद्री
* अंबड तालुका
* जायकवाडी धरण
* मोसंबी
* सातबारा उतारा
* वेडी बाभूळ